पालीचं बाळंतपण

तो मेसेज आला तेव्हा मी फार्मसीच्या मागच्या खोलीत उभी राहून एका आजोबांच्या आठवड्याच्या गोळ्या खणांत भरत होते. सोमवार सकाळ, सोमवार दुपार, सोमवार रात्र. खिशात फोन थरथरला. मेसेज एवढाच होता, ‘अजून हवी असेल तर शनिवारी तिला घेऊन येतो.’ मी इतक्या मोठ्यानं ओरडले की दुसरी फार्मासिस्ट धावत आली. तिला वाटलं, माझ्या पायावर काहीतरी पडलं. माझ्या हातातला ट्रे उलटला, सगळ्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून भराव्या लागल्या, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. माझ्याकडे पाल येणार होती!

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक मला वेडी समजतात. तशी समजतातच. मला खरं तर शॅमेलिऑन हवा होता. साधा नव्हे, डोंगरातला. आफ्रिकेत उंच डोंगरांवर, धुक्यात राहणाऱ्या काही जाती आहेत. कुणाच्या नाकावर तीन शिंगं, कुणाच्या पाठीवर शीड. त्यांना ऊन लागतं ते सकाळचं कोवळं, रात्र मात्र चांगली गार लागते, आणि त्यांतल्या कित्येक अंडी न घालता सरळ पिल्लंच देतात. कॉलेजात असताना पुण्यात एका जुन्या मासिकात त्यांचे फोटो पाहिले आणि मी कामातूनच गेले. तेव्हापासून जगभरातले लोक हे दुर्मीळ प्राणी घरात कसे सांभाळतात ते वाचायचं, त्यांचे व्हिडिओ बघायचे, हा माझा छंद. कुणी तळघरात धुकं करणारं यंत्र लावलंय, कुणी अख्खी खोली एसीनं गार ठेवलीय. या सगळ्यांचं सांगणं एकच असतं. थंडीनं हे प्राणी मरत नाहीत, उबेनं मरतात. नवशिक्याला दया येते, तो दिवा लावतो, आणि दुसऱ्या दिवशी प्राणी खाली पडलेला असतो.

आम्ही ऑकलंडला यायचं ठरवलं तेव्हा नवऱ्यानं आयटीतल्या नोकऱ्या पाहिल्या आणि मी हवामान पाहिलं. हिवाळा सौम्य, उन्हाळा सौम्य, दमट हवा. मी मनात पिंजऱ्याची जागासुद्धा ठरवून टाकली. इथे येऊन कळलं की परदेशी शॅमेलिऑन या देशात आणायला सक्त मनाई आहे. विमानतळावर बुटाला चिकटलेली माती खरवडून काढतात ही माणसं, शिंगवाला सरडा कुठला आत घेतात! सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. इथे तर तो कुंपणाजवळही फिरकू शकत नव्हता. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

मग कित्येक वर्षांनी एका रविवारी सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या क्लबचा मेळावा होता, तिथे गेले. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली. शेवटच्या टेबलाशी हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. निवृत्त प्लंबर. मी त्यांना इथल्या रीतीनं ‘किया ओरा’, म्हणजे नमस्कार, म्हटलं आणि दोन मिनिटांत माझं रडगाणं सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुला दुसऱ्यांचे कशाला हवेत? आमची बघ की.” मग जाळीच्या पिंजऱ्यावरचं कापड बाजूला केलं.

काय सांगू! काटेरी झुडपाच्या फांदीवर एक पाल बसली होती. पाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्यूबलाइटमागची ती पिवळट, लिबलिबीत पाल येते. ही कोवळ्या पानासारखी हिरवीगार, पाठीवर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या शंकरपाळ्यांची रांग. शेपटीचा वेढा फांदीला घातलेला, अगदी शॅमेलिऑन घालतो तसा. दिवसा जागी, रात्री झोपणार. दक्षिण बेटावरच्या थंड डोंगराळ भागातली, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. आणि अंडी नाहीत, सरळ पिल्लं! रंग तेवढा बदलत नाही. पण तो काय, मी बदलते की रागानं.

“कितीला?” मी विचारलं. ते हसले. ही पाल विकता येत नाही, विकत घेता येत नाही. सरकारी परवाना काढायचा, आणि मग परवाना असलेल्या माणसानं परवाना असलेल्या माणसाला ती नुसती द्यायची. तीही आधी साध्या तपकिरी पाली दोन-तीन वर्षं नीट सांभाळून दाखवल्या तर. मी दाखवल्या. त्यांची वही ठेवली. रोजचं तापमान, खाणं, वजन, कात टाकली तो दिवस. दरवर्षी खात्याला अहवाल पाठवायचा, किती जन्मल्या, किती मेल्या. नवरा म्हणायचा, “लोक पालीला झाडूनं हाकलतात, तू परवाना काढून घरी आणतेस.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी तीन वर्षं त्या एका हिरव्या पालीसाठी थांबले होते.

तर ती शनिवारी येणार होती, फेब्रुवारीत. आणि त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी माझी आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती.

आई पहिल्यांदाच येत होती. माझी मुलगी झाली तेव्हा, दहा वर्षांपूर्वी, तिचं तिकीट काढलेलं होतं. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, सगळं बांधून तयार होतं. निघायच्या चार दिवस आधी बाबांना अटॅक आला. मग ऑपरेशन, मग त्यांचं पथ्यपाणी, मग ते राहूनच गेलं. इथे हॉस्पिटलनं मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं आणि मी गार टोस्ट खाऊन बाळंतपण काढलं. नवऱ्यानं फोनवर विचारून विचारून डिंकाचे लाडू केले, ते करपले. माझ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं आईनं केली, शेजारणींची केली, आख्ख्या गल्लीत तिचा शब्द चालायचा. माझं तेवढं राहिलं. बाबा गेल्यावर ती इथे यायला मोकळी झाली. या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो.

शनिवारी ते गृहस्थ आले. एका हातात थंड पेटीत ठेवलेली कापडी पिशवी, तिच्यात पाल. दुसऱ्या हातात आइस्क्रीमचा रिकामा झालेला दोन लिटरचा डबा, त्यात त्यांच्या झाडाचे प्लम. मी पिशवीकडे धावले. आईनं डबा घेतला, प्लम काढून ठेवले, डबा घासूनपुसून त्यात बेसनाचे लाडू भरले आणि त्यांच्या हातात दिला.

“आई, त्यांनी डबा परत मागितला नाही,” मी म्हटलं.

“रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि भरलेला ठेवून घ्यायचा नसतो. एवढं सांगायला लागतं का?”

जाता जाता ते मला म्हणाले, “बहुतेक पोटात पिल्लं आहेत हं. मे महिन्यात होतील. तिला गार ठेव, आणि उगाच लाड करू नकोस. झाली आणि जगली तर एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. स्वीट ॲज? चालेल ना?”

मी आनंदानं त्यांना मिठी मारायची तेवढी राहिले. आई मागून विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले.

“पोटुशी आहे म्हणाले.”

आईचा चेहराच बदलला. तोवर तिनं माझ्या आधीच्या तपकिरी पालींकडेही पदराआडूनच पाहिलं होतं. “एवढ्या लांब येऊन पालीच बघायच्या का मी?” हे तिचं पालुपद. फेब्रुवारी म्हणजे इथला उन्हाळा, त्या उकाड्यात मी त्यांच्या पिंजऱ्यावर बर्फाच्या बाटल्या ठेवायचे तेव्हा म्हणायची, “माणसांना ताकात घालायला बर्फ नाही, आणि पालींना बघा!” गॅरेजमध्ये मी अळ्यांपासून माश्या वाढवते हे कळलं त्या दिवशी तर ती जेवलीच नाही. “लोक माश्या मारतात, ही माश्या पाळते.” पण पोटुशी म्हटल्यावर विषयच वेगळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेकवर गेले तर आई खुर्ची टाकून पिंजऱ्यासमोर बसलेली. “हिला काय खावंसं वाटतं?” तिनं विचारलं.

मी हसून हसून लोळायची बाकी होते. पण बाईनं शोधून काढलंच. एप्रिलमध्ये ते गृहस्थ तोच डबा भरून फिजोआ, पेरूसारखी इथली हिरवी फळं, घेऊन आले. आईनं एक कापून, मऊ गर चमच्याच्या टोकावर घेऊन जाळीतून आत धरला. पालीनं मान वाकडी करून पाहिलं, आणि जीभ काढून चाटायला लागली! लप, लप, लप. आई एवढी हरखली की तिनं भारतात फोन लावून माझ्या बहिणीला सांगितलं, “डोहाळे लागलेत, फिजोआचे.” बहिणीला वाटलं, मलाच. तिनं आधी मला फोन करून माझं वय काढलं.

मे उजाडला. पालीच्या कुशी दोन्ही बाजूंनी फुगल्या होत्या, उन्हात बसली की आत काहीतरी हललेलं दिसायचं. मी कामावरून आले की चपला काढायच्या आधी डेकवर जायचे. मुलगी म्हणायची, “मम्मा, शी इज फाइन, यू आर नॉट.” मला झोप लागत नव्हती, भूक लागत नव्हती. कॉलेजात असताना फोटोत पाहिलेलं ते सगळं, थंड डोंगर, झाड, जिवंत पिल्लं, माझ्या फ्लॅट बुश उपनगरातल्या डेकवर घडणार होतं!

आणि मग दक्षिणेकडचा, ध्रुवावरून येणारा गार वारा सुटला. सकाळी पारा पाचावर. मी खूश होते, तिला हवी तशी हवा होती. पिंजऱ्यावर अर्धं आच्छादन टाकलं, वहीत पाच लिहिलं, आणि कामावर गेले. आईला काही सांगावं असं मला सुचलंसुद्धा नाही. चूक झाली ती इथे, आणि ती माझी.

अकराच्या सुमाराला आईचा फोन आला. मागे कर्कश आवाज येत होता.

“अगं, ते छतावरचं यंत्र ओरडतंय. त्याला गप्प कसं करायचं?”

“का ओरडतंय? काही जळलं का?”

“छे गं. जरा धुरी दिली, तर एवढं काय ओरडायचं!”

“धुरी? कोणाला?”

“कोणाला म्हणजे काय? तिला!”

मी दुसऱ्या फार्मासिस्टला काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही, आणि गाडी काढली. पाच मिनिटांचा रस्ता. प्रत्येक सिग्नलला मी मोठमोठ्यानं बोलत होते, आईला, स्वतःला, सिग्नलला.

झालं होतं ते असं. आई चहा घेऊन डेकवर गेली तर पाल फांदीवर कडक होऊन बसलेली, हलेना. थंडीत ती तशीच बसते, ते तिचं बरोबरच होतं. आईला वाटलं, बिचारी गारठली, आज-उद्या मोकळी व्हायची आहे आणि अंगात ऊब नाही. घरात बाळंतिणीची खोली करायची रीत तिला कुणी शिकवायला नको होती. तिनं हलका पिंजरा उचलून कपडे धुवायच्या छोट्या खोलीत आणला. खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला, हीटर लावला. मग गॅरेजमधला बार्बेक्यूचा कोळसा गॅसवर फुलवून लोखंडी कढईत घेतला, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला आणि दार ओढून घेतलं. तो बाळंतशेपा दहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी आणलेल्या पुडीतला होता. तो तिनं या खेपेला बॅगेत का घातला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मी दार उघडलं तेव्हा ओव्याचा वास नाकात घुसला, बहिणीच्या बाळंतपणात तिच्या खोलीतून यायचा तोच. पिंजऱ्यातलं तापमान एकतीस होतं. पाल फांदीवर नव्हती. खाली कागदावर पडलेली, तोंड उघडं, रंग उतरलेला, पोट भराभर हलत होतं. मी पिंजरा उचलून बाहेर पळाले, सावलीत ठेवला, कढई नळाखाली धरली, खिडक्या उघडल्या. बारीक फवाऱ्यानं तिच्यावर पाणी मारलं. फोन लावला तर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, हळूहळू गार होऊ दे, पाणी दे, हात लावू नकोस, आणि थांब. दुसरं काही करता येत नाही.

थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी मागे वळले. आई दारात उभी होती, हातात बाळंतशेपाची पुडी.

“तुला कोणी सांगितलं होतं?” मी ओरडले. “त्या कोळशानं तूही गुदमरली असतीस, कळतंय का? माझ्या बाळंतपणाला आली नाहीस, आणि आता पालीचं करायला निघालीस!”

बाण सुटला तो सुटलाच. आईनं पुडी मुडपली, स्वयंपाकघरात जाऊन ठेवली, आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

संध्याकाळी पाल फांदीवर चढली, पण मान खाली. मी वही काढली. जे घडलं ते लिहायचं असतं. खोटं लिहून पाल सांभाळता येत नाही. आई शेजारी येऊन उभी राहिली.

“काय लिहितेस?”

“जे झालं ते.”

“माझं नाव लिही. तू केलंस असं नको.”

मी लिहिलं. नवऱ्यानं त्या दिवशी मला एकच विचारलं, “आईंना सॉरी म्हणालीस का?” मी त्याच्यावरही खेकसले.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. पाल खाईना. माशी पुढ्यात बसली तरी बघेना. फिजोआकडेही नाही. पोटातलं हलणं मला दिसेना, मग दिसल्यासारखं वाटे, मग नाही. पिल्लं गेली असतील तर पालही जाणार, हे मला माहीत होतं. शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात, माझ्या मनात रात्रंदिवस तेच चाललं होतं. पण ती जिवंत होती, आणि रोज सकाळी ती फांदीवर दिसली की माझ्या काळजाची एक उडी व्हायची!

आई मात्र डेकवरून हलत नव्हती. अंगात दोन स्वेटर, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, कानाला मफलर, पायात मोजे. मी म्हटलं, आत ये, गारठशील. “तिला गार हवंय ना? मग मीही बसते,” एवढंच बोलली. त्या दिवसापासून ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होती. तापमान कसं वाचायचं ते तिनं माझ्या मुलीकडून शिकून घेतलं. एक शब्द इंग्रजी, एक शब्द मराठी असं त्या दोघींचं चालायचं. मग मी वही उघडली तर माझ्या आकड्यांखाली आईचे देवनागरी आकडे. ९. ११. १२. १२. १०. तासातासाला. उन्हाची तिरीप आली की आच्छादन सरकवायची, ढग आला की मागे घ्यायची. त्या पालीजवळ इतकी डोळ्यांत तेल घालून मीसुद्धा कधी बसले नव्हते.

आणि घरात तुपाचा वास यायला लागला. आई दुपारी काहीतरी तळत होती, कुटत होती. मी विचारलं नाही. ते गृहस्थ शनिवारी येणार होते आणि त्यांचा डबा आमच्याकडे होता. भरलेला ठेवून घ्यायचा नसतो, तेव्हा त्यांच्यासाठीच काहीतरी चाललं असणार.

शुक्रवारी मला सुट्टी होती. मी गॅरेजमध्ये माश्यांचा डबा साफ करत होते, आणि आईची हाक आली. तशी हाक मी आयुष्यात ऐकली नव्हती.

“ये! अगं ये! लवकर ये!”

मी हातातलं टाकून धावले. काही माश्या माझ्यामागे धावल्या. पाल फांदीला शेपटीचा घट्ट वेढा घालून बसली होती, मागचे पाय ताणलेले, सगळं अंग आकसत होतं, सैल होत होतं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर काळा डाग पडला. “कळा देतेय,” ती कुजबुजली. “देऊ दे. हात नको लावू. दे गं बाई, दे.” आम्ही दोघी जाळीला नाक लावून बसलो. मी श्वास घ्यायचा विसरत होते आणि आई मला चिमटा काढून आठवण करून देत होती!

पहिलं पिल्लू खाली कागदावर पडलं. पातळ पडद्यात गुंडाळलेलं, माझ्या करंगळीएवढं, हिरवं. हललं नाही. आम्ही वाट पाहिली. मी हळूच फवारा मारला. नाही. आईनं माझा दंड सोडला नाही.

मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग पाल पुन्हा ताठ झाली, दुसरं बाहेर आलं, आणि पडलंच नाही! पडता पडता त्यानं एका पायानं फांदी पकडली. पडदा झटकला. अंगावर आधीच त्या पांढऱ्या शंकरपाळ्या, इवल्याशा, एकेक स्पष्ट. शेपटीचा वेढा घातला, आमच्याकडे वळलं, आणि आम्हाला घाबरवायला आ वासला!

“अगं बाई, आल्या आल्या भांडतंय!” आई ओरडली. “तुझ्यावरच गेलंय!”

मी नाचले. खरंच नाचले, डेकवर, हाताला माश्यांचं खाद्य लागलेलं. शेजारचा बुवा कुंपणावरून बघत होता, त्यालाही ओरडून सांगितलं. मुलीच्या शाळेत फोन करावा असं वाटलं. नवऱ्याला केला, तो मीटिंगमध्ये होता, त्यानं सगळ्यांसमोर ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हटलं आणि त्याच्या ऑफिसला आता काय वाटत असेल देव जाणे. आई पिंजऱ्यासमोर बसून रडत होती आणि हसत होती. मग तिनं बटमोगऱ्याच्या कुंडीत, मेलेलं पिल्लू चिमटीत अलगद धरून, पुरलं. पालीला कधी बोट न लावलेल्या बाईनं.

शनिवारी ते गृहस्थ आले. पिल्लू बघून त्यांचे डोळे चमकले. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली, “स्मोक, मी. हॉट रूम, मी. माय डॉटर नो.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वही चाळली. त्यांची नजर देवनागरी आकड्यांवर थांबली. मी सांगितलं, ते तापमान आहे, तासातासाचं, आईनं घेतलेलं.

“एक पिल्लू गार पिंजऱ्यातसुद्धा मेलेलं निघतं कधीकधी,” ते म्हणाले. “धुरानं गेलं की नाही, मला सांगता येणार नाही.” मग वही मिटत, “पण तापमानाची अशी नोंद मी चाळीस वर्षांत ठेवलेली नाही.” मी ते आईला मराठीत सांगितलं, पहिलं वाक्यसुद्धा. तिनं मान हलवली.

ते निघाले. पिल्लू मोठं झालं की त्यांच्याकडे जायचं असं ठरलं, एकच जगलं तेव्हा पहिला मान त्यांचा. ओट्यावर त्यांचा आइस्क्रीमचा डबा झाकण लावून ठेवलेला होता, जड. मी तो उचलून त्यांच्या हातात द्यायला निघाले, तेवढ्यात आईनं माझ्या हातातून डबा जवळजवळ हिसकावून घेतला.

“तो नाही. त्यांना चकल्या ठेवल्यात, त्या पिशवीत.”

“पण डबा त्यांचा आहे ना? परत द्यायचा नसतो का?”

“पुढच्या वेळी देईन. आज तो तुझा आहे.”

ते गेल्यावर मी झाकण उघडलं. डिंकाचे लाडू. खारीक, खोबरं, अळीव, खसखस, वर प्रत्येकावर एकेक बदाम. बाळंतिणीला देतात तसे, मुठीत मावतील एवढे.

“दहा वर्षं उशीर झाला,” आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. “खरं तेच बोललीस त्या दिवशी.”

“आई, मी रागात...”

“रागात खरंच बोलतात. खा. आणि बरंच झालं मी तेव्हा आले नाही. तुलाही कोंडून गुदमरवली असती.”

मी हसायला लागले आणि मला रडू आलं, दोन्ही एकदम, आणि तोंडात लाडू. आम्ही डेकवर जाऊन बसलो. वारा झोंबत होता. मी हीटरजवळ आत बसू म्हटलं, तिनं ऐकलं नाही. तिनं मला बळंच दुसरा लाडू दिला, माझे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि शालीत गुंडाळले, आणि जाळीतून आत बघत वहीत आकडा लिहिला. नऊ.